गावपळणीची जीप

गाडीवर सोलर पॅनल बसवून घ्यायला आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विजेचा विचारत नाही. पंखे किती, दिवे किती, फ्रीज आहे का, हे सगळं नंतर. आधी विचारतो, गाडी उभी कुठे करता? माणूस खूश होऊन सांगतो, "झाडाखाली. एकदम सावलीत." मग मी चहा सांगतो आणि समजावायला बसतो, कारण आमचं काम तिथूनच सुरू होतं.

कोकणात गाडी सावलीत लावणं हे प्रेमाचं लक्षण आहे. नवी गाडी यायच्या आधी फणसाखालची जागा झाडून तयार असते. पॅनल मात्र उन्हावर जगतं, आणि त्याची एक खोड आहे. त्याचे तुकडे एकमेकांना माळेत ओवल्यासारखे जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर नारळाच्या झावळीची सावली पडली तरी मागचे सगळे खोळंबतात, आणि सावली असते वीतभर पण वीज जाते अर्ध्याहून जास्त. कट्टा गावच्या बाजारातल्या एका गिऱ्हाइकाने दसऱ्याला गाडीची पूजा करताना टपावरच्या पॅनललाही झेंडूचा घसघशीत हार घातला, आणि दिवाळीच्या तोंडावर 'सोलर बिघडलो' म्हणून दुकानात आला. हार वाळून पॅनलला चिकटला होता. तो मी काढला, मीटर लावून त्याला परत आलेली वीज दाखवली, आणि मग आम्ही दोघं हसत बसलो.

माझा बाप बंदरावर लाँचींच्या बॅटऱ्या सांभाळायचा. खारं वारं तांब्याला कसं खातं, वरून धडधाकट दिसणारी वायर आतून हिरवी पावडर कशी होते, हे मी मिसरूड फुटायच्या आधी पाहिलं. पुढे कट्ट्याला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. सोलर त्यातच मागून आलं. आधी घरांवर, मग बागेतल्या पंपांवर, आणि महामार्ग रुंद झाल्यावर गाड्यांच्या टपांवर. पुण्या-बेंगळुरूची माणसं गाडीतच बिछाना आणि चूल घेऊन किनाऱ्याला येऊ लागली. आमची मुलंही जुन्या जीपगाड्या सजवून टुरिस्टांना सड्यावरच्या कातळात, खाडीत, चिखलात फिरवू लागली. सगळ्यांना टपावर वीज हवी असते, आणि सगळ्यांना ती मोठ्यात मोठी हवी असते.

इथे माझं भांडण सुरू होतं. घरावर घालायचं काचेचं पॅनल टिकाऊ, स्वस्त आणि भरवशाचं. त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण ते एकेक वीस किलोच्या आसपास. दोन पॅनलं, खाली लोखंडी सांगाडा, वर नटबोल्ट, एवढं सगळं जीपच्या डोक्यावर चढवलं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सपाट रस्त्यावर कळत नाही. जांभ्या दगडाच्या उतरत्या वाटेवर एक चाक घळीत गेलं की डोक्यावरचं ओझं गाडीला कुठे ओढतं ते ड्रायव्हरला विचारा.

म्हणून हलकी पॅनलं. काच नाही, पुठ्ठ्याहून थोडी जाड, एका हाताने उचलता येतात, टपाच्या गोलाईप्रमाणे किंचित वाकतात. गुण एवढेच, आता दोष ऐका. वरचं प्लॅस्टिक स्वस्तातलं असेल तर दोन पावसाळ्यांत पिवळं पडतं. हात फिरवून बारीक दाणेदार लागलं तर ते बऱ्यापैकी टिकतं. दुसरं, लेबल. तेवढ्याच आकाराच्या पॅनलवर एक कंपनी शंभर वॅट लिहिते, दुसरी दोनशे. सूर्य तर दोघांना एकच. मी लेबल वाचत नाही, पॅनल भर दुपारी दुकानासमोर ठेवून मीटर लावतो. आणि तिसरा दोष उष्णतेचा. टपाला थेट चिकटवलं की खालून हवा नाही, वरून ऊन, पॅनल भाजून निघतं आणि तापलं की वीजही कमी देतं. मी खाली पोकळ प्लॅस्टिकची शीट घालतो, म्हणजे मधून वारा खेळतो. हे काम वेळखाऊ आहे आणि दिसत नाही, म्हणून बरेच जण करत नाहीत.

एक खंत सांगून टाकतो. एवढं करूनही हे पॅनल काचेच्या निम्मंही जगत नाही. माझ्या दुकानामागे मेलेल्या पॅनलांचा ढीग आहे आणि भंगारवालाही तो नेत नाही. स्वच्छ वीज म्हणून आपण जे विकलं त्याचा हा कचरा रोज सकाळी दिसतो, आणि वाईट वाटतं.

आता सुधीरची गोष्ट. खाडीच्या बाजूच्या एका गावचा हा मुलगा, जीपगाडीवर टुरिस्ट फिरवणारा. मुलगा म्हणायचं एवढंच, दोन पोरांचा बाप आहे. एक दिवस तो आला आणि म्हणाला, "दाऊदभाय, टपार सोलर बसवूचो आसा. पण हलको व्हयो." त्याच्या जीपचा टप फायबरचा, वर एक माणूस बसला तर दबेल असा. मला वाटलं टुरिस्टांसाठी पंखा लावायचा असेल. तसं विचारलं, तर म्हणाला, "नाय. आयेक गावपळणीक न्हेवची आसा."

बाहेरच्या वाचकांसाठी गावपळण सांगायला हवी. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळा गाव वेशीबाहेर जातो. सगळा म्हणजे सगळा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, आणि गावात राहणारा कोणत्याही धर्माचा माणूस. घरात दिवा नाही, चूल नाही, गावात चिटपाखरू नाही. वेशीपलीकडे माळावर झापांच्या खोपी घालून लोक राहतात. झाप म्हणजे विणलेली झावळी. तीन दिवस झाले की मानकरी देवळात जाऊन कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं, येऊ का परत? पाकळी उजवीकडची पडली तर ढोल वाजतो आणि गाव घरी येतो. नाही पडली तर मुक्काम वाढतो. मी बंदरावरचा, आमच्यात हे नाही. पण लहानपणी मित्रांच्या खोपींत जेवायला मी पळून जायचो, कारण तिथे शाळेपेक्षा सगळं बरं होतं.

सुधीरच्या आईला, इंदूकाकीला, श्वासाचा आजार. उभा जन्म काजूच्या भट्टीवर धुरात गेला, त्याने छाती खाल्ली. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं एक लहान यंत्र घरी आणलेलं, ते रात्रभर आणि दुपारी काही वेळ लावायचं. आणि माळावर वीज कुठली? मागच्या गावपळणीला म्हणूनच तिला नांदगावला लेकीकडे ठेवली होती. तिथे तिने अन्नाला हात लावला नाही, येणारी-जाणारी गाडी ऐकत खाटेवर बसून राहिली. यंदा तिने आधीच बजावून ठेवलं होतं की नांदगावला जाणार नाही.

मी सुधीरला विचारलं, यंत्र किती दिवस चालवायचं?

"देव सांगात तितके."

तीस-चाळीस वर्षं मी बॅटऱ्यांचे हिशेब करतोय, पण असा आकडा कुणी दिला नव्हता. अॅम्पिअर, तास, ढग, थंडीतला तिरपा सूर्य, हे सगळं मांडता येतं. देवाला कोणत्या रकान्यात घालणार?

यंत्र किती वीज खातं ते मोजायला मी त्यांच्या घरी गेलो. काकी ओटीवर बसली होती, नाकाला नळी. मी सोबत पॅनलचा एक नमुना नेला होता, तो तिने मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिला.

"दाऊद, ह्या पत्र्यातसून माका वारो येतलो?"

मी म्हटलं, "वारो नाय काकी, करंट. वारो तुमचा मशीन देतला."

तिने पॅनल परत दिलं. थोडा दम घेऊन म्हणाली, "लगीन होवन इलंय तेव्हा पदराआडल्या बायांची तोंडा माका गावपळणीत कळली. घरात कोण बोलूक देय नाय. थंय सगळ्यांची चूल एक. आता गाव भायर पडतलो आणि मी खाटेर? ह्या बरा दिसता?"

मला बरं दिसत नव्हतं, पण मी अटी घातल्या. तिच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे. प्राणवायूचा भरलेला सिलिंडर जीपमध्ये कायम पाहिजे, मशीन बंद पडलं तर रस्त्याला लागून दवाखाना गाठण्यापुरता. आणि प्राणवायूची नळी असेल तिथे विस्तव नको. चूल, विडी, उदबत्ती सगळं लांब. या शेवटच्या अटीवर काकीचा चेहरा पडला, कारण ती चुलीपाशी बसायलाच निघाली होती. शेवटी चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब घालायची आणि काकीने हाकेच्या अंतरावर बसायचं, असं ठरलं. डॉक्टरांनीही बऱ्याच सूचना देऊन परवानगी दिली.

पॅनलं मी स्वतः निवडली, दुपारच्या उन्हात एकेक तपासून. खाली पोकळ शीट घातली, जोडांना ग्रीस भरून खाऱ्या हवेची वाट बंद केली. बॅटरी यंत्राच्या गरजेपेक्षा वरचढ घेतली, आत एक छोटा डबा लावला ज्यावर बॅटरीत किती उरलंय ते दिसतं. आणि सुधीरला दहादा सांगितलं, गाडी उन्हात. तो दर वेळी होय म्हणाला.

गाव बाहेर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. रिकाम्या गावातून जायचं नसतं, म्हणून लांबचा वळसा घेऊन माळावर पोचलो. खोपींच्या रांगा, दावणीला गुरं, टोपल्यांखाली कोंबड्या, पोरांचा नुसता कल्ला. सगळं दिसलं, जीप दिसेना. सुधीरच्या खोपीशेजारी एक सुरेख मांडव मात्र होता. चार बांबू, वर दुहेरी झाप, त्यावर आंब्याचे टहाळे. जवळ गेलो तर मांडवाखाली जीप.

आत बघितलं. डब्यावरचा आकडा असा होता की संध्याकाळपर्यंत मशीन बंद पडलं असतं. काकी आत आडवी होती, नळी लावून, छान गार सावलीत. तिला काही कल्पना नव्हती. सुधीर खाली मान घालून उभा राहिला. मांडव आबांनी घातला होता. आबा म्हणजे गावचे मोठे मानकरी, वय झालेले, आणि त्यांनी स्वतः बांबू पुरले होते. त्यांना नाही कसं म्हणायचं, हे त्या बिचाऱ्याला समजलं नाही.

आबा हात पुसत आले. "म्हातारेक ऊन लागतला म्हणान माटव घातलो," म्हणाले. चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती आणि ती रास्त होती. असा मांडव मी लग्नातही पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "आबा, म्हातारेक सावळी बरी. पण ही गाडी ऊन खाता. तुमी तिका उपाशी ठेवलात."

 मग त्यांना डब्यावरचा आकडा दाखवला. त्यांनी वाद घातला नाही, रागावलेही नाहीत. मांडव तसाच ठेवायचा आणि पुढचे दोन बांबू जरा बाजूला सरकवून जीप बाहेर काढायची, हे त्यांनीच सुचवलं. काकीची खाट मांडवात आली, जीप दहा-बारा पावलांवर कापलेल्या भातशेतीत लख्ख उन्हात, आणि मधे जमिनीवरून लांब नळी. नळीवर गुरांचा पाय पडू नये म्हणून आबांनी दोन्ही बाजूंनी दगड लावले. दुपार टळेपर्यंत आकडा वर चढू लागला आणि मी जेवायला बसलो. सगळ्यांची चूल एक, त्यामुळे माझ्या ताटात चार घरांची कालवणं आली.

गाव परतायचा त्या दिवशी मी पुन्हा गेलो, जीप सुखरूप घरी गेलेली बघायला. सकाळपासून आभाळ भरलेलं. माळावरचे बागायतदार मोहोराच्या काळजीने वर बघत होते आणि मी पॅनलच्या. मानकरी देवळात कौल लावायला गेले होते. इकडे झाप सोडून गुंडाळले, भांडी पोत्यात गेली, कोंबड्यांचे पाय बांधून झाले, बैल जुंपले. सगळे ढोलाकडे कान लावून उभे. दुपार कलली तरी ढोल वाजला नाही. मग आबा एकटे चालत आले आणि म्हणाले, देवाने कौल दिला नाही, उद्या परत विचारायचा.

थोडी कुरकुर झाली. कुणाला नोकरीवर जायचं होतं, कुणाच्या बाळाचं दूध संपलं होतं. पण पाच-दहा मिनिटांत पोती परत सुटली, जणू हे रोजचंच.

सुधीरने मला बाजूला घेतलं. नांदगावहून बहिणीचे सारखे फोन येत होते. अंधार पडायच्या आत आईला तिकडे न्यावं का, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. मी डब्यावर पाहिलं. दिवसभराच्या ढगांनी बॅटरी निम्म्याच्याही खाली होती. इंजिन चालू ठेवून ती भरायची सोय होती, पण तो धूर काकीच्या छातीला चालणारा नव्हता. बॅटरी ज्या वेगाने उतरत होती त्यावरून रात्रभराचा हिशेब मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा थोडं कमी पडलं. असं का व्हावं ते कळेना. यंत्र एवढं खात नव्हतं. मग जीपचं मागचं दार उघडलं आणि कळलं.

असतील शिते तर जमतील भुते. काकीच्या जीपमध्ये वीज आहे ही बातमी माळभर गेली होती. प्लगला एक्स्टेन्शनची पट्टी, पट्टीला पट्टी, आणि तिला गावातले अर्धे मोबाइल लटकलेले. एक गाणी वाजवायचा स्पीकर, दोन टॉर्च, कुणाचं तरी दाढीचं यंत्रसुद्धा. नको म्हणणं सुधीरच्या स्वभावात नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तेवढ्यात मांडवातून काकीने हाक मारली. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्या खाटेपाशी गेलो, सुधीरही आला, मागे आबा.

"माका खंय न्हेव नको," ती सुधीरला म्हणाली. "घराक काय, मी रोजचीच खाटेर आसंय. हंय माका कोण आजारी म्हणत नाय." मग माझ्याकडे वळली. "दाऊद, तुजी बॅटरी काय म्हणता ता सांग. पण खोटा सांगू नको."

बाकी गिऱ्हाइकांना मी सावध उत्तर देतो. बघू, करू, साधारण चालेल, असं. तिला तसं देता येईना. मी म्हटलं, "मशीन एकटा चलला तर सकाळपर्यंत पुरात. दुसरा काय लावलास तर पुराचा नाय. आणि सिलिंडर उशाकडे ठेवूचो. सुधीरान झोपूचा नाय."

तिने मान हलवली. सुधीर आबांकडे बघत होता.  आबा जीपपाशी गेले, त्या जंजाळात हात घालून आपला मोबाइल शोधला, पिन काढली, उरलेलं चार्जिंग जपायला मोबाइल बंद केला आणि खिशात टाकला. हे बघून बाकीचे एकेक करून आले. एका पोरीचा नवरा बोटीवर, त्याचा फोन आठवड्यातून एकदाच येतो आणि तो त्याच रात्री यायचा होता. तिने फोन हातात घेतला, त्यात उरलेलं जेमतेम चार्जिंग बघितलं, आणि तिनेही पिन काढून तो बंद केला.  स्पीकरवाला सर्वांत शेवटी आला. सुधीरने बहिणीला फोन लावून आई इथेच राहते म्हणून कळवलं आणि आपलाही बंद केला. पट्टी रिकामी झाल्यावर मी ती उपटून माझ्या पिशवीत टाकली.

बॅटरी पुरली. काकीला मात्र ती शेवटचीच गावपळण मिळाली; पुढची आली तेव्हा ती नव्हती. मी आयुष्यात लावलेल्या पॅनलांपैकी बहुतेकांनी पंखे फिरवले, बियर गार केली, फोन भरले. त्याबद्दल तक्रार नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण कुणी विचारलं की तुमच्या कामाचा काय उपयोग झाला, तर मला ती संध्याकाळ आठवते. सगळा माळ घरी जाता न आल्याने हिरमुसला होता, आणि त्यात एकटी काकी खुशीत होती.

निघताना मी तिचा निरोप घ्यायला वाकलो. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिने नळी कानामागे नीट सारली, खाटेवर उठून बसली आणि सुनेला म्हणाली, "बसलंस काय गो? नारळ घेवन ये. इतक्या माणसांका रातचा जेवाण करूचा नाय?"